सर्व्हरला कमी काम सांगा

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ सातबारा काढायला, उत्पन्नाचा दाखला मागायला किंवा मुलाचा प्रवेश अर्ज भरायला आलेला माणूस हे वाक्य ऐकतो आणि मुकाट्याने परत फिरतो. मुंबईच्या माणसाला उद्या पुन्हा जाणे फार जड नसते. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)च्या आसपासच्या खेड्यातून मजुरी बुडवून आलेल्याला ते जड जाते. सांगणारा आणि ऐकणारा, दोघेही या वाक्याकडे पावसाकडे पाहावे तसे पाहतात. शिकलेल्यांचे मत जरा वेगळे आहे, पण तेही तितकेच वरवरचे. त्यांच्या मते सर्व्हर पडतो कारण तो लहान असतो, म्हणून मोठा घ्यावा. साइट हॅक होते कारण तिला कुलूप नसते, म्हणून एसएसएल आणि फायरवॉल घ्यावी. म्हणजे वेग एका दुकानातून आणायचा, सुरक्षा दुसऱ्या दुकानातून, आणि दोन्ही बिले एकाच फायलीत लावायची.

माझे म्हणणे असे की वेग आणि सुरक्षा ही वेगळी खातीच नाहीत. सर्व्हरकडून आपण किती काम करून घेतो, त्याची किती दारे उघडी ठेवतो आणि त्याच्या पोटात किती माहिती साठवतो, यावरच दोन्ही अवलंबून असतात. ही तिन्ही मापे घटवली की साइट जलद होते आणि सुरक्षितही. ती वाढू दिली तर कितीही मोठे यंत्र पुरत नाही. वर्धा जिल्ह्यात काटकसरीचा विषय निघाला की बोट आपोआप सेवाग्रामकडे जाते. इथे ते नको. सर्व्हरच्या काटकसरीत नीतीचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब कागदावर मांडता येतो.

१. गर्दीचे गणित

२०२५ साली अकरावीचा ऑनलाइन केंद्रीय प्रवेश पहिल्यांदाच साऱ्या राज्याला लागू झाला. त्याआधी तो मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरता होता. त्या वर्षी दहावीत साडेचौदा लाख मुले उत्तीर्ण झाली. २१ मे रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि प्रक्रिया २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. ‘एवढी मुले एकदम आली तर काय होणार’ ही सार्वत्रिक प्रतिक्रिया होती. पण आकडा तपासून पाहू. समजा दहा लाख मुलांनी एकाच दिवशी आठ तासांत अर्ज भरला, तर सेकंदाला सरासरी पस्तीस मुले होतात. त्यातली एक लाख पहिल्या दहा मिनिटांतच आली असे धरले तरी सेकंदाला पावणेदोनशेच्या आत. साधारण ताकदीच्या यंत्रानेही पेलावा असा हा आकडा आहे. मग अशा वेळी यंत्रे का पडतात?

याचे उत्तर रांगेच्या एका नियमात आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला. एका वेळी आत असलेली माणसे म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर हा नियम उघड्या डोळ्यांनी दिसतो. मिनिटाला एक गाडी येते आणि काट्यापासून गाडी रिकामी होईपर्यंत चाळीस मिनिटे लागतात, तर आवारात चाळीस गाड्या उभ्या असणारच. आवार तीसच गाड्यांचे असेल तर बाकीच्या दहा रस्त्यावर. आता एकतर आवार वाढवावे, नाहीतर चाळीस मिनिटांची वीस करावीत. पहिल्या उपायाला जमीन विकत घ्यावी लागते. दुसऱ्याला काट्यापाशी जरा उभे राहून वेळ नेमका कुठे जातो ते पाहावे लागते.

सर्व्हरचेही असेच. सेकंदाला दोनशे विनंत्या आल्या आणि प्रत्येकीला दोन सेकंद लागले, तर एका वेळी चारशे विनंत्या आत अडकलेल्या असतात. त्याच विनंतीचे काम दशांश सेकंदात उरकले तर फक्त वीस. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात शंभर जोडण्यांची मर्यादा घेऊन येतो. चारशेतल्या तीनशे ताटकळतात, ताटकळल्याने प्रत्येकीचा वेळ वाढतो, वेळ वाढला की आतली गर्दी आणखी वाढते. तोवर बाहेर बसलेले पालक पान उघडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबत असतात, म्हणजे येणाऱ्यांचा आकडाही फुगतो. गुणाकारातल्या दोन्ही संख्या एकदमच चढू लागल्या की यंत्र हळूहळू मंद होत नाही, ते कोसळते.

इथे एक सेटिंग जवळून पाहण्यासारखे आहे. अपाची हा जुना, सर्रास वापरला जाणारा वेब सर्व्हर. त्याच्या ‘प्रीफोर्क’ पद्धतीत एका वेळी, दर विनंतीला एक अशा, २५६ पर्यंत प्रक्रिया चालवायची मुभा मुळातच दिलेली असते. पीएचपीवर चालणाऱ्या साइटची एक प्रक्रिया पन्नास एमबी मेमरी खाते असे धरा. २५६ प्रक्रियांना जवळपास तेरा जीबी लागतील. यंत्रात आहेत चार. गर्दी वाढली की मेमरी संपते, यंत्र डिस्कवर उसनवारी सुरू करते, आणि डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी पटींनी मंद असते. उपाय असा की ती मर्यादा वाढवायची नाही, साठावर आणायची. एकसष्टावा माणूस क्षणभर दाराबाहेर थांबतो, पण आतल्या साठांचे काम झपाट्याने होते आणि त्याची पाळी लवकर येते. मर्यादा कमी केल्याने सर्व्हर जास्त लोकांना सेवा देतो, हे ऐकायला उलटे वाटते. फाटकावर बंड्या सोडणाऱ्या माणसाला ते समजवावे लागत नाही.

याहून मोठी बचत कॅशमधून, म्हणजे तयार पान जपून ठेवण्यातून, होते. कॉलेजांची यादी, वेळापत्रक, सूचना ही पाने सर्वांना सारखीच दिसतात. तरीही कित्येक साइट प्रत्येक पाहुण्यासाठी ती डेटाबेसमधून नव्याने शिजवतात. तयार पान फक्त एक सेकंद जपून ठेवायला एनजिनएक्स या वेब सर्व्हरला सांगितले तरी सेकंदाला दोनशे वेळा होणारे काम एकदाच होते, आणि सूचना बदलली तर ती एका सेकंदाने उशिरा दिसते, एवढेच. मग डेटाबेसला गाठावे लागते ते खरोखर अर्ज भरणाऱ्यांनाच.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या बाहेरची आहे. अकरावीचा प्रवेश गुणांवर होतो. पहिल्या मिनिटाला अर्ज भरणाऱ्याला त्याबद्दल एक गुणही जास्त मिळत नाही. हे पालकांना आधीच ठसठशीत सांगितले आणि नोंदणी जिल्हावार वेगवेगळ्या वेळी उघडली, तर ती एक लाखाची लाट उठणारच नाही. परिपत्रकाचा मजकूर हाही सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनचाच भाग असतो. तो लिहिणाऱ्याला मात्र हे कोणी सांगितलेले नसते.

२. पानाचे वजन आणि देवनागरीचे तीन बाइट

आता पाहणाऱ्याच्या बाजूने. सिंदी स्टेशनच्या फलाटावर उभे राहून कोणी मोबाइलवर मुंबईतल्या सर्व्हरवरचे पान उघडले तर काय घडते? आधी नावाचा पत्ता शोधला जातो, मग जोडणी, मग कुलपाची बोलणी, आणि त्यानंतर पान मागितले जाते. यातल्या प्रत्येक टप्प्याला निदान एक हेलपाटा पडतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे मुंबईचा हेलपाटा काही मिलिसेकंदांचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर असेल तर सव्वाशेहून जास्त मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. त्यावर मोबाइल टॉवरचा विलंब वेगळाच. जोडणी झाल्यावरही सर्व्हर सगळे एकदम ओतत नाही. पहिल्या फेरीत दहा पाकिटे, म्हणजे सुमारे १४ केबी जातात. पोहोचल्याची खूण आली की पुढच्या फेरीत दुप्पट, मग चौपट. हे प्रमाण २०१३ पासून रूढ आहे. म्हणजे पहिल्या १४ केबींत जे मावते ते वाचकाला सर्वांत आधी मिळते.

मराठी साइट चालवणाऱ्याने या १४ केबींकडे इंग्रजीवाल्यापेक्षा अधिक बारकाईने पाहायला हवे. यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘सिंदी’ या शब्दात स, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, द आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून तो पंधरा बाइटचा होतो. रोमनमध्ये लिहिला तर पाचच. यावरून मराठी पाने मुळातच जड असतात असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. त्या तीन बाइटांतला पहिला प्रत्येक चिन्हात तोच असतो आणि दुसऱ्याची रूपे दोनच. अशी पुनरावृत्ती म्हणजे जीझिपसारख्या संकोचन पद्धतीची मेजवानीच. मजकूर तिप्पट-चौपटीने आवळला जातो आणि नगरपरिषदेच्या कराचे दर, कार्यालयाची वेळ, पाण्याचे वेळापत्रक हे सारे पहिल्याच फेरीत घरी पोहोचते. संकोचन सुरू करायला कॉन्फिगरेशनमध्ये दोन-तीन ओळी लागतात. त्या नसतील तर मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा जास्त डेटा भरतो, तोही आपल्याच भाषेत वाचल्याबद्दल.

पण खरे वजन मजकुराचे नसतेच. मुखपृष्ठावर मान्यवरांचे सरकते फोटो असतात, कॅमेऱ्यातून उतरले तसे चढवलेले. देवनागरी फाँट जोडाक्षरांमुळे रोमन फाँटपेक्षा बराच जड असतो आणि त्याच्या चार-चार जाड्या मागवलेल्या असतात. सूचना म्हणून लावलेली पीडीएफ म्हणजे सहीशिक्क्याच्या कागदाचा स्कॅन: दोन पाने, दोन-तीन एमबी, शोधता न येणारी, अंध वाचकाला वाचून न दाखवता येणारी. तोच मजकूर पानावर टंकला तर चार-पाच केबींत बसेल. सिंदी ज्यासाठी ओळखली जाते त्या लाकडी नंद्यांच्या तान्ह्या पोळ्याचे फोटो गावाने जरूर लावावेत, पण मोबाइलच्या रुंदीला कापून आणि वेबपी रूपात. म्हणजे नागपूर-पुण्यात नोकरी करणारा सिंदीकरही ते शेवटपर्यंत पाहील.

३. प्रत्येक जादा गोष्ट हे एक दार असते

आतापर्यंतचा हिशेब वेगाचा होता. सुरक्षेचा हिशेब त्याच वहीत पुढच्या पानावर चालू राहतो. नवी साइट इंटरनेटवर आली की तिच्या नोंदवहीत, म्हणजे ॲक्सेस लॉगमध्ये, लवकरच अनोळखी पत्त्यांवरून विनंत्या दिसू लागतात. कोणी वर्डप्रेसचे लॉगिन पान मागतो, जरी साइट वर्डप्रेसवर नसली तरी. कोणी ‘.ईएनव्ही’ नावाची फाइल मागतो, ज्यात निष्काळजी लोक डेटाबेसचा पासवर्ड ठेवतात. कोणी ‘बॅकअप.झिप’ आहे का ते चाचपतो. ही माणसे नसतात. पत्त्यामागून पत्ता ठोठावत जाणारे बॉट असतात. ‘आमच्या गावाच्या साइटवर कोण हल्ला करणार’ हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरतो. गाव कोणते हे त्यांना ठाऊकही नसते.

अशा बॉटपुढे उघडे काय ठेवले आहे, एवढाच प्रश्न उरतो. प्लगइन काढून टाकले की साइट हलकी होते आणि त्या प्लगइनमधले छिद्रही जाते. बाहेरून आणलेल्या स्क्रिप्टचेही तसेच. जून २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या सेवेचे प्रकरण उघड झाले. जुन्या ब्राउझरांना आधार देणारी ही छोटी स्क्रिप्ट एक लाखाहून अधिक साइटवर जोडलेली होती. डोमेन दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले आणि त्याच स्क्रिप्टमधून वाचकांना भलत्याच साइटवर ढकलणारा कोड येऊ लागला. त्या साइट कोणी फोडल्या नव्हत्या. त्यांनीच किल्ली देऊन ठेवली होती आणि विसरल्या होत्या. बहुतेक नव्या ब्राउझरांना तर त्या स्क्रिप्टची गरजही उरली नव्हती.

वेग आणि सुरक्षा यांतली रेघ किती कृत्रिम आहे हे स्लोलोरिस या २००९ मधल्या हल्ल्याने दाखवले. त्यात पूर आणायचा नसतो. काही शे जोडण्या उघडायच्या आणि प्रत्येकीवर विनंतीचा एकेक तुकडा सावकाश पाठवत राहायचा. अपाची प्रत्येक जोडणीमागे एक कामगार अडकवून बसतो आणि यंत्र रिकामे असूनही साइट बंद पडते. मोठे यंत्र घेऊन यात काहीच होत नाही. ‘इतक्या सेकंदांत विनंती पूर्ण केली नाही तर जोडणी तोडा’ असे सांगणारी ओळ मात्र उपयोगी पडते, आणि हीच ओळ रेंज गेल्याने अर्धवट लटकलेल्या जोडण्यांपासूनही सर्व्हरला मोकळे करते. तिला वेगाची म्हणावे की सुरक्षेची? रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचे उदाहरण याहून ओळखीचे. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितले की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असत, आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करण्यात आली. ‘साइट स्लो आहे’ म्हणून बोटे मोडणारा प्रवासी खरे तर सुरक्षेच्या प्रश्नाने त्रस्त होता.

तिसरे माप साठवणीचे. २०१७ साली आधार प्राधिकरणाने माहिती अधिकाराच्या उत्तरात मान्य केले की सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे आणि पत्ते यांच्यासोबत आधार क्रमांक उघड दिसत होते. यात हॅकर कुठेच नाही. बहुधा कोणीतरी पूर्ण एक्सेल फाइल साइटवर चढवली, कारण नको असलेले रकाने काढण्यापेक्षा ते सोपे होते. पोटात नसलेली माहिती फुटत नाही, आणि ती शोधायला डेटाबेसला वेळही लागत नाही.

आणि दारांच्याच मापातली आणखी एक गोष्ट, यंत्रांमधल्या जोडण्यांची. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. तो ज्या छिद्रातून पसरत होता त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण एका यंत्रातून चोरलेल्या पासवर्डांनी तो अपडेट केलेल्या यंत्रांतही घुसला, कारण सगळी यंत्रे एकमेकांना मोकळेपणाने भेटू शकत होती. त्याच बंदराच्या ड्राय पोर्टसाठी सिंदीची निवड झाली होती, म्हणजे समुद्रापासून इतक्या दूर वर्धा जिल्ह्यातही हा धडा शिळा नाही. ज्या यंत्राला ज्याच्याशी बोलायचे काम नाही त्याला तिथवर वाटच ठेवू नये. वेब सर्व्हरच्या बाबतीत याचा अर्थ असा की डेटाबेसचे दार इंटरनेटकडे उघडत नाही, ८० आणि ४४३ ही दोनच दारे जगासाठी, आणि दुरुस्तीचे दार फक्त किल्ली असणाऱ्यासाठी, पासवर्डवाल्यासाठी नाही.

४. चार आक्षेप

पहिला आक्षेप: कुलूप लावले की साइट मंद होते. २०१८ पूर्वी यात थोडे तथ्य होते. त्या वर्षी आलेल्या टीएलएस १.३ ने कुलपाची बोलणी दोन हेलपाट्यांवरून एकावर आणली, आणि एचटीटीपी-२ ची एकाच जोडणीवरून अनेक फायली आणण्याची सोय ब्राउझर कुलूपबंद साइटलाच देतात. प्रमाणपत्र २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टकडे फुकट मिळते. उलट दिशेची गैरसमजूत जास्त घातक आहे: कुलूप दिसले म्हणजे साइट भरवशाची. ठगांच्या साइटलाही कुलूप असते. म्हणूनच गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचे चिन्ह काढले.

दुसरा: क्लाउडवर यंत्रे आपोआप वाढतात, मग काटकसर कशाला? वेब सर्व्हर एकाचे दहा होतील. त्यांच्या मागचा डेटाबेस एकच असतो, आणि दहाही जण त्याच शंभर जोडण्यांवर तुटून पडतात. शिवाय यंत्र आपोआप वाढते तसे बिलही आपोआप वाढते, आणि ती तरतूद नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात नसते.

तिसरा: साइटपुढे ढाल म्हणून क्लाउडफ्लेअरसारखी सेवा बसवली की झाले. ती बसवावी, मीही बसवायलाच सांगेन. पण १८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या कंपनीच्या बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल चुकून दुप्पट मोठी झाली, ठरलेली मर्यादा ओलांडली गेली आणि जगभरच्या साइट काही तास बंद पडल्या. जिचा मूळ सर्व्हर स्वतःच्या पायावर उभा आहे तिला अशा वेळी बगल देता येते. जिची सारी भिस्त ढालीवर, तिला नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: वेग आणि सुरक्षा कधीकधी एकमेकांविरुद्ध जातात. हे खरे आहे. २०१५ च्या नाताळात स्टीम या खेळांच्या दुकानावर हल्ल्याची लाट आली. ती थोपवताना कॅशचे नवे नियम लावले गेले आणि काही काळ एका ग्राहकाला दुसऱ्याच्या खात्याची पाने दिसू लागली. सुमारे ३४ हजार लोकांची माहिती अशी उघडी पडली. मी वर ज्या कॅशची तरफदारी केली तिचाच हा प्रताप. पण चूक कॅशची नव्हती. सर्वांचे पान कोणते आणि एकाचे खासगी पान कोणते, ही विभागणी घाईत पुसली गेली. ही विभागणी साइट बांधतानाच वेगळ्या पत्त्यांवर केलेली असेल तर गर्दीच्या दिवशी कोणाला घाई करावीच लागत नाही. कॅप्चा आणि ओटीपीबद्दल मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूचा आहे. साधी सूचना वाचायलाही कॅप्चा सोडवायला लावणारी साइट बॉटला फार थोडा त्रास देते आणि म्हाताऱ्या शेतकऱ्याला पुष्कळ.

५. निविदेतल्या ओळी

२०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर सीसीआयच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. खिडकी बंद करून स्क्रीन ठेवली की स्क्रीनचे आरोग्य हा सार्वजनिक प्रश्न होतो, आणि सार्वजनिक कामात तो सुटतो किंवा बिघडतो तो निविदेच्या कागदावर. छोट्या संस्थेकडे पैसा नसतो, हे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही. वर सांगितलेल्यातले बहुतेक उपाय फुकट आहेत, ते मागावे लागतात एवढेच. निविदेत पाने किती, स्लायडर किती, भाषा किती हे लिहिलेले असते. मुखपृष्ठाचे एकूण वजन अमुक केबींच्या आत असावे, सेकंदाला इतक्या अर्जांची चाचणी आमच्यासमोर करून दाखवावी, असे फारसे कोणी लिहीत नाही. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने २०२२ पासून लॉग १८० दिवस ठेवणे आणि घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले आहे. ते लॉग कोण वाचणार, हे निविदेत नसते. बॅकअप घ्यावा असे असते. वर्षातून दोनदा तो रिकाम्या यंत्रावर परत उभा करून दाखवावा असे नसते, आणि उभा न केलेला बॅकअप आहे की नाही हे कोणालाच कळत नाही. सॉफ्टवेअरचे सुरक्षा अपडेट चौथ्या वर्षी कोण चढवणार, हेही नसते, कारण करार तीन वर्षांचा असतो. आणि तो संपल्यावर गावाचे डोमेन कोणाच्या नावावर आहे, नगरपरिषदेच्या की साइट बनवून देणाऱ्याच्या पुतण्याच्या, ही ओळ तर पहिल्याच पानावर हवी.